फुगलेले हरभरे

उंदीर-सरड्यांतही साहेबलोक असायचे, तेव्हाची ही गोष्ट. भागी उंदरीण साधं बीळ खणायला शिकली होती. पाणी शिरणार नाही असं खोल बीळ खणायची पुढची विद्या म्हातारी घूस शिकवायची. तिच्याकडं राहायचं तर वर्षाचं खाणं लागायचं. ज्याच्या घरचं धान्य एका मापट्यात मावेल, त्याला ते सरकारातून मिळायचं.

मोजायला आले सरडेराव. नेमकं आदल्या दिवशीच भागीचं बीळ गळलेलं, आणि हरभरे भिजून टम्म फुगलेले. मापटं भरलं, वर चार दाणे उरले.

"साहेब, हे पाणी हाय, धान्य न्हाई," भागीची आई म्हणाली. "वाळले की मापट्यात बसतील बघा."

सरडेरावांनी मान हलवली. मायलेकी हरखल्या.

"मग मिळंल न्हवं?"

"छे! मान तर मी माशी दिसली तरी हलवतो, बाई. चार दाणे वर म्हणजे तुम्ही सावकार. पुढच्या साली बघू."

आठवड्यात हरभरे सडले. आईनं निवडले, तर अर्धं मापटंही भरेना.

पुढं पावसाळ्यात एका दुपारी बीळ पाण्यानं भरलं. भागी पोहत बाहेर आली. आई आली नाही.