महाभरती

आटपाट किनारा होता. तिथं धवलराव बगळ्याचं राज्य होतं. राव पांढरेशुभ्र. पाण्यात एका पायावर डोळे मिटून उभे राहत. प्रजा म्हणे, केवढी ही तपश्चर्या! मासे काहीच म्हणत नसत, कारण ते रावांच्या पोटात असत.

त्याच किनाऱ्यावर वाळूतल्या बिळात सगुणी चिचुंद्री राहायची. नवरा बाबल आणि पाच पिल्लं. तिला दिसायचं कमी, पण कान भारी तिखट.

एकदा भर समुद्रातून एक म्हातारी कासवीण आली. पाणी किती तापलं, किती चढलं, हे बारा वर्षं फिरून तिनं आपल्या पाठीवर कोरून आणलं होतं.

"वाचा रे लेकरांनो, पाठ उघडी आहे! पैसा नको, परवानगी नको."

पलीकडच्या खाडीकाठच्या सशांनी वाचलं आणि गुपचूप बिळं डोंगरावर हलवली. इकडं दरबारात एकमतानं ठरलं, की ज्या अर्थी फुकट मिळतंय, त्या अर्थी माल खोटा.

कासवीण घसा फोडून सांगू लागली, "अहो, अमावास्येला दुपारी मोठी भरती आहे! टेकडीचं फाटक उघडा, सगळ्यांना वर घ्या!"

टेकडीवर रावांचं विश्रामगृह होतं, तेव्हा तो विषयच मिटला. पण निवडणूक तोंडावर आलेली, आणि त्या वाक्यातला एक शब्द रावांना फारच आवडला.

दुसऱ्याच दिवशी फलक लागले: 'महाभरती! अमावास्येला दुपारी, थेट किनाऱ्यावर. जागा सातशे. सहकुटुंब हजर राहावे. आपला सेवक, धवलराव.'

"अगं बाई!" सगुणी किंचाळली. "अहो, ही पाण्याची भरती! तिला कसले अर्ज?"

"तुला काय कळतंय?" बाबल म्हणाला. "कासवीणबाई स्वतः म्हणाल्या, मोठी भरती आहे. एवढी शिकलेली बाई खोटं बोलेल?"

अमावास्येला वाळूवर अर्धा कोस रांग लागली. राव मंचावरून गरजले, "विरोधक विचारतात, भरती कुठाय? ती बघा, येतेय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगुणीच्या पायांना पाणी लागलं आणि ती बाबलला ओढू लागली. "अहो, चला ना! पोरांची शपथ आहे तुम्हाला!"

"अठरावा नंबर आहे माझा. असा सोडून येऊ? वेडी की काय!"

ती रडत रडत निघाली. पहिल्या पिल्लानं तिची शेपटी धरली, दुसऱ्यानं पहिल्याची, अशी सगळी माळ टेकडीकडे पळाली. फाटकावर सरडा पहाऱ्याला होता. "जागा राखीव आहे," तो म्हणाला.

"राखीव म्हणे! मेल्या, बाजूला हो!" असं म्हणून सगुणीनं फाटकाखालची माती उकरली आणि पाचही पिल्लं एकेक करून आत ढकलली, मागोमाग स्वतःही शिरली.

मग भरती आली. कासविणीनं सांगितलेल्या घटकेला, जराही उशीर न करता. त्या राज्यात वेळेवर झालेलं हे पहिलंच काम. मंच बुडाला तसे राव उडाले आणि सुरूच्या शेंड्यावर बसून पुढचं भाषण करू लागले. "दिलेला शब्द पाळला! आधीच्या राजांना जमली होती का एवढी भरती?"

पाणी ओसरल्यावर सगुणीला टेकडीच्या कुंपणाच्या काट्यांत अडकलेला बाबल सापडला. नाकातोंडात वाळू गेली होती, पण धुगधुगी होती. ती त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

बाबलनं पाणी ओकलं. मान वर करून रिकाम्या किनाऱ्याकडे पाहिलं.

"माझ्या पुढचे सतराही गेले का गं?"

"गेले हो सगळे," ती हुंदका देत म्हणाली.

बाबलचा चेहरा उजळला. "म्हणजे आता माझा पहिला नंबर!"