उजेडाची मर्यादा

भर दरबारात पंडितांनी सांगितलं, की उजेडाच्या वेगालाही मर्यादा आहे. अमृतराव राजे खवळले. "आमच्या राज्यात उजेडाला अडवणारा कोण? भिवाजी, तू आमचा मशालजी ना? काढ ती मर्यादा, नाहीतर तुझं पिढीजात वतन गेलं समज!"

म्हातारा भिवाजी सावकाश पुढं आला. घाबरायचं त्याला काही कारण दिसेना.

"काढतो की, सरकार. पण ती आहे म्हणून गोष्ट आधी घडते आणि मग दिसते. ती मोडली, की उजेड गोष्टीच्याही पुढं धावेल आणि ती घडायच्या आधीच दिसायला लागेल. सरकार उद्या लढाईला निघणार. तिथं सरकार जिंकले का पळाले, ते राणीसाहेबांना आजच दिसेल."

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं.

राजे घाईनं म्हणाले, "राहू दे, राहू दे! आणि याचं वतनही राहू दे."