देवीच्या डोंगराची दुसरी वाट

खूप वर्षं झाली या गोष्टीला. एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं आणि माथ्यावर देवीचं देऊळ. वर्षातून एकदाच, चैत्रातल्या एका सकाळी, उगवत्या सूर्याचं किरण दारातून आत शिरून थेट देवीच्या मुखावर पडायचं. ते बघायला सगळा गाव वर जायचा. निदान गावाला तसं वाटायचं.

देवळाच्या उंच, उभ्या पायऱ्या गावातल्या पाथरवटाने घडवल्या होत्या. त्यांचा त्याला फार अभिमान.

पायऱ्यांपाशीच गोजरा राहायची. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत ती गावभर फिरे. देवीची चोळी दरवर्षी तीच शिवायची.

एकदा तिने पाथरवटाला विचारलं, "दादा, देवी दिसते कशी?"

"तू पाहिली नाहीस?"

"एकदा निघाले होते. चार जणांनी उचललं. अर्ध्यावर दमले. उजाडायला आलं, तसे मला एका पायरीवर ठेवून किरण बघायला पळाले. उतरताना घेऊन आले."

पाथरवट म्हणाला, "यंदा मी नेतो, पाठीवरून."

"नको. वाट असेल तर माझी मी जाईन."

पाथरवटाने वर पाहिलं. आपल्याच पायऱ्या त्याला पहिल्यांदा भिंतीसारख्या दिसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो डोंगराला वळसा घालत जाणारी, हलक्या चढाची वाट खोदू लागला.

पाटील म्हणाले, "एकीसाठी डोंगर फोडतोस? तिला देवी घरबसल्या पावते की."

"मग आपणही घरीच बसू, पाटील," पाथरवट म्हणाला.

काही जण हसले. काही कुदळ घेऊन आले. पुढच्या चैत्रापर्यंत वाट झाली.

त्या पहाटे पाथरवट माथ्यावर उभा होता. वळणावरून गोजरा आली, पाट रेटत, घामाघूम. तिच्यामागे काठी टेकत एक म्हातारा. कडेच्या दगडांना हात लावत चालणारी एक आंधळी पोर. दिवस भरत आलेली एक बाई. आणि त्यांच्यामागे, कित्येक वर्षांत उंबरा न ओलांडलेली पाटलांची आई. रांग संपेचना.

"एवढी माणसं आली कुठून?" पाटील पुटपुटले.

"कुठून येणार, बाळा?" आई म्हणाली. "गावातच होतो. घरात."

किरण आत शिरलं. गोजरा हळूच म्हणाली, "केवढे मोठे डोळे आहेत हिचे. मला कुणी सांगितलंच नाही."

पाथरवट मात्र देवीकडे पाठ करून उभा होता. कधीच वर न आलेल्या त्या सगळ्या चेहऱ्यांवर देवीच्या मुखावरून परतलेला उजेड पसरत चालला होता. बघता बघता त्याचे हात आपोआप जोडले गेले.

तात्पर्य: अमका का आला नाही, असं म्हणण्याआधी आपली वाट त्याच्या दारापर्यंत गेली होती का, ते पाहावं.