आधी कमरेला विचार

फार वर्षांपूर्वी, सत्तरी ओलांडलेल्या नानासाहेब रणदिव्यांच्या गोल्फच्या पिशवीत एक नवाकोरा ड्रायव्हर आला. तरण्या खेळाडूंसाठी घडवलेली लांब, ताठ काठी ती. शेजारच्या जुन्या आखूड काठीला तो म्हणाला, "एका फटक्यात चेंडू मैदानातल्या तळ्यापार नेतो मी. तू नुसती अडगळ!"

नानासाहेबांनी दातओठ खाऊन तो फिरवला. तीनदा चेंडू तळ्यात बुडाला, चौथ्यांदा कमरेत उसण भरली. ड्रायव्हरला वाटलं, दोष म्हाताऱ्याचाच.

मग नानासाहेबांनी गुपचूप आखूड काठी काढली. तिने चेंडू काठाशी अलगद नेला आणि दुसऱ्या फटक्यात पलीकडे.

"दोन फटके लागले!" ड्रायव्हर फणकारला. "ताकद माझ्यातच जास्त."

"असेल बाबा," काठी म्हणाली. "मी आधी त्यांच्या कमरेला विचारते, मग तळ्याकडे बघते."