खऱ्याला वकील कशाला?

राजवाड्यातलं पातेलं चोरल्याचा आळ आला तसा सैदू कल्हईवाला शेजारच्या संस्थानात पळाला. त्याला परत न्यायला त्याच्या संस्थानाचे दिवाण आले, चार कारकून आणि गाडीभर कागद घेऊन. परत गेला की जन्मभर खडी फोडणं ठरलेलं.

"मला वाचता येत नाही, एक वकील द्या," सैदू इथल्या राजांना म्हणाला.

दिवाणांनी मिशीवरून हात फिरवला. "ज्याची बाजू खरी, त्याला वकील कशाला? त्याने स्वतः येऊन सांगावं."

सैदूने दिवाणांच्या मागे डोकावून पाहिलं. "मग तुमचे महाराज कुठं आहेत? बाजू खोटी म्हणून तुम्हाला धाडलंय का?"

राजांनी हसू आवरत वकिलाला बोलावणं पाठवलं. दिवाणांनी कारकुनांकडे पाहिलं. चौघेही गाडीभर कागद उलटू लागले.