गुरवाचं धुपाटणं आणि लाकडी घर

खूप खूप पूर्वी, जेव्हा डोंगर आजच्याहून ताठ होते आणि नद्या आजच्याहून आगाऊ, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये अडकलेलं एक नगर होतं. माणसं वाढत होती, जागा वाढत नव्हती. राजाने सुतारांना बोलावलं आणि सांगितलं, "आडवं वाढता येत नाही ना? मग उभं वाढा."

सुतारांनी घरावर घर चढवलं, त्यावर आणखी एक, आणि असं करत सात मजल्यांचं लाकडी घर उभं केलं. भिंती लाकडाच्या, जिना लाकडाचा, आणि एकाची जमीन तेच दुसऱ्याचं छत. वरच्या बाईने खलबत्त्यात काही कुटलं की खालच्याच्या ताटात भुसा पडायचा. तरी माणसं मजेत होती. भांडायला शेजारी होता आणि भांडण मिटवायलाही शेजारीच होता.

या घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक नावाडी आणि त्याची बायको राहत. त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक पिंजारी कापूस पिंजून रजया भरायचा. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्यासाठी तो एक मोठी रजई भरत होता.

एके दिवशी नावाड्याच्या बायकोचा बाप तिच्याकडे राहायला आला. तो डोंगरापलीकडच्या गावचा गुरव. देवळाची झाडलोट, पूजा, धूप यात त्याचा जन्म गेला होता. आता बायको राहिली नव्हती, गुडघे देवळाच्या पायऱ्या चढू देत नव्हते, आणि देवाची चाकरी पुतण्याकडे गेली होती. निघताना गावाने त्याला देवळातलं जुनं धुपाटणं दिलं. तीन पायांचं, लांब दांड्याचं, पितळी. ते आणि एक लहानसं गाठोडं, एवढंच घेऊन म्हातारा आला.

लेकीच्या घरी राहायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. गुरव पाणी घेतानाही विचारायचा. दुसरी भाकरी वाढली की हात आडवा धरायचा. दाराशी असा बसायचा, जणू आत्ताच उठून जायचंय.

लेकीच्या ते लक्षात आलं. संध्याकाळ झाली तशी ती म्हणाली, "अण्णा, आजपासून आमच्या देवांनाही तुमच्याच हातचा धूप."

म्हातारा ताठ झाला. त्याने चुलीतले निखारे चिमट्याने धुपाटण्यात घेतले, वर ऊद टाकला आणि घरभर धूर फिरवला. त्या रात्री त्याने दुसरी भाकरी मागून खाल्ली. फुकटचं खात नव्हता ना आता, देवाची चाकरी करत होता.

इथवर सगळं छान. घोडं पेंड खातं ते पुढे.

धूप फिरवून झाला की गुरव धुपाटणं थेट देव्हाऱ्यात ठेवायचा, देवांच्या पुढ्यात. देव्हारा लाकडी, वर लाल रेशमी कापडाचं छत. गुरवाच्या मनाला त्याची शंकाही आली नाही. जन्मभर तो दगडी देवळात वावरला होता. तिथे खाली दगड, वर दगड, आणि देवही दगडाचा. धुपाटणं कुठेही ठेवा, जळणार काय? आणि दगडातली ती सवय त्याने लाकडात आणली.

गंमत अशी, की त्या घरात चुलीला सगळे जपायचे. चूल मातीच्या जाड ओट्यावर, बाजूला पाण्याची घागर, आणि जेवणं झाली की निखारे राखेत पुरायचे. पण देवाच्या निखाऱ्याला कोणी भीत नव्हतं. आता मला सांगा, तो निखारा काय स्वर्गातून आला होता? त्याच चुलीतून तर उचललेला होता!

काही दिवसांत रेशमी छत मध्यभागी तपकिरी झालं. लेकीने ते पाहिलं. नावाड्यानेही पाहिलं. दोघं जिन्यात उभं राहून कुजबुजली.

"तुम्ही सांगा ना अण्णांना," ती म्हणाली.

"मी? सासऱ्याला? उद्या जातील निघून आणि म्हणतील, जावयाने बाहेर काढलं. तू लेक आहेस, तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, लेकीला जड झालो."

मग दोघांनी मान हलवली आणि दोघंही गप्प बसली. असली सभ्य माणसं पाहिली की मला रागच येतो. धोका सगळ्यांना दिसत असतो, आणि बोलायचं तेवढं कोणी बोलत नाही.

बोललं एकच जण. देव्हाऱ्यामागे राहणारी पाल.

एका संध्याकाळी गुरव धुपाटणं आत ठेवताना स्वतःशीच म्हणाला, "देवाचा धूप देवापाशीच शोभतो."

"म्हाताऱ्या, माझं शेपूट भाजलं! वर बघ, कापड काळं पडलंय!" पाल ओरडली.

पण पालीची भाषा माणसांना कुठली कळायला? गुरवाला ऐकू आलं ते फक्त चुकचुकणं. आणि आपण बोलत असताना पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं, असं तो लहानपणापासून मानत आला होता. त्याने बोटांनी जमिनीवर टकटक केलं, "कृष्ण कृष्ण" म्हणाला आणि आणखी थोडा ऊद टाकला. पाल संतापली आणि बिऱ्हाड हलवून तुळईवर राहायला गेली.

शेवटी लेकीने आडून विचारलं, "अण्णा, देवांना धूर जास्त नाही ना होत?"

"होतो का? मग वाऱ्याला ठेवतो की," गुरव म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून धुपाटणं खिडकीच्या फळीवर जाऊन बसलं. छत वाचलं म्हणून लेकीला हायसं वाटलं. खिडकीखाली काय आहे, हे तिने पाहिलं नाही.

खिडकीखाली पिंजाऱ्याचा सज्जा होता. एके दिवशी सज्ज्यात त्याच्या लेकीच्या लग्नाची रजई उन्हाला घातलेली होती. त्या दिवशी भरून पुरी झाली होती. संध्याकाळ झाली, आणि पिंजारी ती आत घेणार एवढ्यात नदीवरून वाऱ्याचा झोत आला. खिडकीचा पडदा फडफडला, धुपाटण्याच्या दांड्यात अडकला आणि परत जाताना धुपाटणं ओढून गेला. निखारे खाली सांडले.

कापूस पेटायला किती वेळ लागतो? "आग! आग!" पिंजारी ओरडला आणि दोन्ही हातांनी जळती रजई ओढून सज्ज्याच्या कठड्यापासून दूर करू लागला. सातही मजले धावले. कोणी घागर आणली, कोणी कळशी, कोणी भिजवलेलं पोतं. एकीने तर ताकाचा डेरा उपडा केला. आग विझली. घर वाचलं. पण रजई गेली आणि पिंजाऱ्याचे तळहात भाजले. ज्या हातांनी तो पोट भरत होता, तेच हात.

सगळे अंगणात जमले. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला सगळे थोरले काका म्हणत. ते पुढे आले.

"झालं तेवढं पुरे," ते म्हणाले. "उद्यापासून या घरात धूप नाही, उदबत्ती नाही, काही नाही."

"अहो, पण आमच्या देवांनी काय करायचं?" एक म्हातारी म्हणाली.

"देवांचं देव बघतील. माझ्या डोक्याखाली तुमचे निखारे आहेत ना? नाही म्हणजे, माझ्या पायाखाली... कळलं ना तुम्हाला!" काकांचं बोलणं रागात घसरलं, पण हसलं कोणी नाही.

गुरव वर गेला, धोतर आणि घोंगडी गाठोड्यात बांधली आणि वाकडं झालेलं धुपाटणं काखेत घेतलं.

"पोरी, मी निघतो," तो म्हणाला. "धूप नाही तर माझं इथं काय काम? आणि तोंड तरी कुणाला दाखवू?"

लेक दारात आडवी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"जायचं तर जा, अण्णा. पण एक सांगून जा. देवळाच्या मागे पालखीची खोली होती. लहानपणी एकदा मी धुपाटणं घेऊन तिथं शिरले होते. तुम्ही काय केलं होतंत?"

"मुस्काटात दिली होती," गुरव म्हणाला. "दिली नसती तर काय! पालखी लाकडाची, वर रेशमी झूल, आत कापसाच्या गाद्या. तिथं निखारा नेतं का कुणी?"

"मग बघा की अण्णा," ती म्हणाली. "हे घर लाकडाचं आहे. पडदे रेशमी आहेत. खाली कापूस आहे. हे देऊळ नाही, ही पालखी आहे. आणि आत आम्ही बसलोय."

म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. इतके दिवस त्या घरात राहून त्याने ते घर पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने काखेतलं धुपाटणं खाली ठेवलं.

"हे तुला आधीपासून कळत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही निघून जाल म्हणून."

"आगं खुळे," गुरव म्हणाला, "तू न बोलताही निघालोच होतो की!"

आणि बापलेक एकमेकांकडे बघून रडली. नावाडी कोपऱ्यात उभा होता, त्यानेही डोळे पुसले आणि म्हणाला, "मामा, चूक माझीही आहे. मीही गप्प बसलो."

गुरवाने गाठोडं सोडलं. तो आधी पिंजाऱ्याकडे गेला आणि त्याच्या भाजलेल्या हातांपुढे डोकं टेकलं. "निखारा माझा होता," तो म्हणाला. "तुमचे हात बरे होईपर्यंत हे हात तुमचे. सांगाल ते काम करतील." मग तो काकांकडे गेला. "काका, धूप बंद करायचा तर करा. पण आधी एकदा बघा. पालखीच्या दिवशी पालखीपुढे धूप चालतोच की. पण तो कसा चालतो, ते मला ठाऊक आहे. अंतर राखून आणि खाली परात धरून."

काकांनी नाक मुरडलं, पण मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नावाड्याने नदीतून एक सपाट दगड नावेत घालून आणला. गुरवाने घरभर फिरून जागा शोधली. देव्हाऱ्यासमोर, पण त्यापासून चांगली दूर. जिथे वर फळी नाही, बाजूला पडदा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागत नाही आणि वाऱ्याचा झोत पोचत नाही. तिथे दगड मांडला, दगडावर परात, परातीत वाळू, आणि वाळूत धुपाटण्याचे तिन्ही पाय रोवले. वर भोकं पाडलेलं झाकण. पलीकडची खिडकी उघडी ठेवली, म्हणजे धूर जाईल आणि निखारा राहील. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. आणि स्वतः पाटावर बसला, निखारे विझून राख गार होईपर्यंत.

"उठत का नाही?" बघायला आलेल्या काकांनी विचारलं.

"निखारा जागा असताना गुरव कसा उठेल?" म्हातारा म्हणाला.

काकांनी धुपाटण्याला काठीने ढोसलं. ते हललं नाही. मग त्यांनी खोल श्वास घेतला. उदाचा वास देव्हाऱ्यापर्यंत पोचला होता, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांपर्यंतही. "असा धूप असेल तर असू द्या," ते म्हणाले. "पण मग प्रत्येक घरात असाच. आणि आधी यांनी जागा बघायची."

तेव्हापासून सातही मजल्यांवरून गुरवाला बोलावणी येऊ लागली. "अण्णा, आमची जागा बघून द्या." तो गुडघे धरत जिना चढायचा, छताकडे बघायचा, पडदा मागे सारायचा, पायाने जमीन चाचपायचा. एखाद्या घरी योग्य जागा नसली तर स्पष्ट सांगायचा, "इथं धूप नको. इथं फुलं वाहा, देव रागवत नाही."

सकाळी तो पिंजाऱ्याकडे बसून त्याच्या सांगण्याप्रमाणे कापूस पिंजायचा. हात बरे झाले, तोवर लग्नाची नवी रजई भरून झाली होती. टाके थोडे वाकडे होते. पिंजाऱ्याच्या लेकीने ते उसवू दिले नाहीत.

गुरव पुन्हा कधी दाराशी बसला नाही. पाणीही विचारून प्यायला नाही. घर कुणाचं, हा प्रश्न त्याच्या मनातून गेला, कारण आता ते घर राखण्यात त्याचा वाटा होता.

आणि पाल? ती देव्हाऱ्यामागे परत राहायला आली. एका संध्याकाळी तिने पुन्हा चुकचुक केलं. म्हाताऱ्याचं बोट सवयीने जमिनीकडे गेलं. पण "कृष्ण कृष्ण" म्हणण्याआधी त्याने मान वर केली आणि छत नीट बघून घेतलं.

तात्पर्य : धूप देवासाठी असला तरी निखारा माणसानेच राखायचा असतो, आणि तो चुकीच्या जागी दिसला तर आपल्या माणसाला वेळीच सांगायचं असतं.