आवडा सुईणीचा कांदळ

फार वर्षांपूर्वी, आडेखोलच्या खाडीत फक्त शिडाचे मचवे यायचे त्या काळी, आवडा नावाची एक तरणी सुईण मचव्यात बसून माहेरगावी परतत होती. आईबाप गेले तेव्हा तिला घाटावर आत्याकडे धाडलं होतं. आत्या नावाजलेली सुईण. तिच्या हाताखाली शिकून आवडा आता आपल्या गावच्या बायांसाठी येत होती. वाटभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. खाडीच्या दोन्ही काठांना कांदळाचं हिरवं रान, भरतीच्या पाण्यात उभं. त्याच्या वाकड्या मुळांना चिकटलेली कालवं, मुळांच्या जाळीत लपलेली बारकी कोलंबी, आणि शेंड्यांवर पांढरे बगळे.

मचवा वळणावर आला आणि तिला दिसली नुसती खुंटं. चिखल उन्हानं तडकला होता. काठावर चुन्याच्या भट्ट्या धुमसत होत्या. कांदळ तोडायचा तो सरपणाला, कालवं खरवडायची ती चुन्याला. खाडीच्याच लाकडांवर खाडीचेच शिंपले भाजायचे, आणि तो चुना दूरच्या शहरात कुणाच्या तरी हवेलीला लागायचा.

बहिणीच्या, सुंद्रीच्या दारात तिनं तांब्या तोंडाला लावला आणि घोट थुंकून टाकला. पाणी खारट होतं.

"आता असंच," सुंद्री म्हणाली. "कांदळ गेला तशा लाटा थेट बांधावर आल्या. बांध फुटला, बांधाआडच्या खाजणशेतीत खारं पाणी शिरलं. भात करपलं, विहीर बाटली. चिंबोरी तर सणालासुद्धा दिसत नाही."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"बघत कुठे? भट्टीवर टोपल्या मीच वाहते गो. खायचं काय मग?"

असं म्हणतात, की ते ऐकून आवडाच्या हातातला तांब्या असा तापला की आतल्या पाण्याला उकळी फुटली.

ती तडक विसाजी खोताच्या पडवीत गेली. भट्ट्या त्याच्या, खाडीवर हुकूमही त्याचाच. खोत सुपारी कातरत बसला होता.

"काय गो आवडे, घाटावरून आलीस ती भांडायलाच?"

"खोत, कांदळ तोडायचा थांबवा."

"चिखलातली झाडं ती. ना आंबा, ना फणस. त्यांच्यासाठी कोण रडतं?"

पडवीतली माणसं हसली.

"कांदळाची शेंग बघितलीत कधी?" आवडा म्हणाली. "दुसरी झाडं बी टाकून मोकळी होतात. कांदळ आपलं पोर अंगावरच रुजवतो, हातभर वाढवतो, आणि मग चिखलात सोडतो. लेकुरवाळी झाडं तोडलीत तुम्ही."

"मग जा, आणि त्यांचीच बाळंतपणं कर," खोत म्हणाला. पडवी पुन्हा हसली.

आवडा गेली. सबंध काठ पालथा घातला तेव्हा खाडीच्या मुखाशी, खडकाच्या आडोशाला, एकच कांदळ तिला उभा सापडला. गळलेल्या शेंगा तिनं ओच्यात भरून घरी आणल्या. सुंद्रीनं विचारलं, "हे काय, कालवण करायचंय?" आवडानं शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

त्या रात्री अमावस्येचं उधाण आलं. उरलासुरला बांध वाहून गेला आणि पाणी खोताच्या अंगणातल्या तुळशीला लागलं. सकाळी ओसरलं, तोच खोताचा गडी धावत आला. खोताची सून अडली होती.

"जाऊ नको," सुंद्री म्हणाली. "भोगू दे त्यांना."

आवडाच्याही मनात तेच आलं होतं. पण पोटातल्या पोरानं कुठे कांदळ तोडला होता? ती उठली. निघताना एक शेंग तिनं कमरेला खोचली.

दुपारच्या आत मुलगी झाली, चांगली रडकी आणि टणटणीत. आवडानं तिला पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं आणि ती हात बांधून बसली. उंबऱ्याबाहेर येरझारा घालणाऱ्या खोताला ती म्हणाली, "नाळ मी कापणार नाही."

"काय पाहिजे ते माग."

"ही शेंग घ्या आणि खाडीत उतरा. गडी नको, तुम्ही स्वतः. लावून या, मग कापते."

खोत लाल झाला. त्यानं आवडाला शिव्या दिल्या, घाटाला दिल्या, आत्यालाही दिल्या. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "उभे काय राहिलात? उतरा की."

धोतर खोचून विसाजी खोत चिखलात उतरला. गुडघे बुडाले, मग मांड्या बुडाल्या. भट्टीवरची माणसं टोपल्या खाली ठेवून बघत राहिली, आणि या वेळी पडवी हसली नाही. असं म्हणतात, की शेंग चिखलात रुतली तशी चढती भरती जागच्या जागी थांबली, आणि ओसरली तेव्हा शेंगेला दोन पानं होती.

नाळ कापून आवडा बाहेर आली आणि जमलेल्यांना म्हणाली, "आता या गावात घरातल्या कुणी कांदळ लावल्याखेरीज मी नाळ कापायची नाही. मग घर कुणाचंही असो."

तिचा शब्द तिनं मोडला नाही. पोरं वाढली तसा काठ भरला, कालवं परतली, विहीर गोडी झाली. भट्ट्या चिखलात खचल्या. असं म्हणतात, की म्हातारपणी आवडा एका भरतीला पाण्यात उतरली आणि परतलीच नाही. मुखाशी एक कांदळ आहे, त्याची मुळं बाईच्या पसरलेल्या बोटांसारखी दिसतात.

अजूनही कुणीतरी चकचकीत गाडीतून येतं, खाडीकडे हात करतं आणि म्हणतं, ही जागा रिकामीच आहे. तेव्हा आडेखोलच्या बाया त्याला चपला काढून चिखलात यायला सांगतात, आणि गावातल्या एकेकाच्या जन्माचा कांदळ नावानं दाखवतात. गाडी बहुतेक तेवढ्यातच वळते.

हल्ली बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तिथल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे. आडेखोलची बाई असली की त्या कात्री हातात धरून क्षणभर थांबतात. फोन जोडलेला असतो. पलीकडे कमरेएवढ्या चिखलात उभा असलेला एखादा आजा धापा टाकत ओरडतो, "लावला बाई. कापा आता."